तुतीचा पाला

वरच्या खोलीत किडे पाला खातात,
त्याचा आवाज खाली चुलीपर्यंत येतो,
कुणी अखंड कागद फाडत बसल्यासारखा.
मारेन म्हणायची, खाऊ दे, बोलू दे त्यांना,
आपण दोघी गप्प असतो त्याची भरपाई.
तेव्हा तिचं इंग्रजी एवढंसंच होतं,
डेन्मार्कहून आणलेल्या पेटीच्या कोपऱ्यात मावेल इतकं.
पण हे वाक्य तिनं नीट जुळवलं होतं.

तिचा हात मी दिला.
कोर्टात हे कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगते.
आमच्यात रीतच आहे तशी:
पहिलीनं मधे उभं राहायचं,
दुसरीचा उजवा हात उचलायचा,
नवऱ्याच्या उजव्या हातात ठेवायचा.
राजी आहेस का, विचारलं मला.
हो म्हणाले. एकदाच.
तिचा हात गार होता, ओलसर,
चीज गाळायच्या फडक्यासारखा.
परतीचे तीन दिवस गाडीत मी पुढे बसले,
ती मागे, मिठाच्या पिंपांशेजारी.
एकदाही वळून पाहिलं नाही मी.

माझा बाप म्हणाला होता,
देवाच्या मनात हे असतं
तर त्यानं आदामाच्या दोन बरगड्या काढल्या असत्या.
म्हणाला, बैल जुंपला आणि आयोवाला निघून गेला.
त्याचं बोलणं खोडायला मी नऊ वर्षं वचनं शोधतेय.
सारा सापडते. राहेल आणि लेआ सापडतात.
पण लेआ रात्री कुठल्या कुशीवर झोपायची,
ते कुठेच लिहिलेलं नाही.

अमासा आठवडा वाटून घ्यायचा, पिठासारखा, मापानं.
मारेनच्या रात्री मी लोकर पिंजत बसायचे
आणि सकाळी मुलांना दटावायचे,
मावशीला उठवू नका.
खरंच दमलेली असायची ती.
माझ्या तिसऱ्या बाळंतपणात
तिनंच माझी नाळ पुरली होती, पीचच्या झाडाखाली,
आणि कुणाला दाखवली नव्हती जागा.

पूर्वेकडच्या बायका आमच्यासाठी सह्या गोळा करतात.
बहीण पत्रातून कात्रणं पाठवते.
गुलाम म्हणतात आम्हाला, सोडवायचंय म्हणतात.
सतरा वर्षं मी मत देत होते, स्वतःच्या हातानं.
सोडवायचंय म्हणून
त्यांनी गेल्या वर्षी आधी तेच काढून घेतलं.
राग कुणावर धरावा, पत्रात सुचेना.
हवापाणी लिहिलं.

मार्शल मार्चमध्ये आला. अमासा डोंगरात,
पेक नावाचा कुणी मेंढपाळ झालेला.
मला न्यायाधीशांनी परत पाठवलं:
बायकोची साक्ष नवऱ्याविरुद्ध चालत नाही.
मारेनची चालते.
ती बायको नाही ना, कायद्यानं.
म्हणजे मी बायको म्हणून माझं तोंड बंद,
आणि तिनं बोलायचं, कारण ती कुणीच नाही.
पोराचा बाप कोण, विचारलं.
मांडीवर पोर होतं, अमासाचे कान घेऊन आलेलं,
अख्ख्या कोर्टाला दिसत होते.
ती खिडकीबाहेर पाहत राहिली.
अवमान, असं लिहून घेतलं त्यांनी.
आता पोरासकट तुरुंगात.

रविवारी भेटायला गेले.
ब्रेड नेला, उबदार मोजे, लंगोट.
तिनं विचारलं, किडे कितव्या झोपेत?
मी म्हणाले, तिसऱ्या.
बोटांवर काहीतरी मोजलं तिनं, डॅनिशमध्ये.
नऊ वर्षांत मी किती वेळा मागितलं होतं
हे घर एकटीचं असावं म्हणून,
आणि ती मोजत होती.

काल चौथी झोप संपली.
पाला पुरत नाही, थोरला शेजारच्या झाडावर चढतो.
दहा दिवसांत कोश होतील,
मग पाणी उकळून त्यांत सोडायचे,
पतंग बाहेर पडण्याआधी, जिवंत असतानाच,
नाहीतर धागा तुटतो.
ते काम मारेन करायची.
मी तेव्हा काहीतरी निमित्त काढून
अंगणात जायचे.